पोटातली सुई नाकारायची का?

कराडहून आलेलं एक पत्र, थोडं कापून:

‘माझे बाबा ७४ वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून सहा वर्षं ॲसिट्रॉमची गोळी चालू आहे. गेल्या मंगळवारी मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याला आणलं. इथे आधी गोळी बंद केली, रक्त गोठावं म्हणून व्हिटॅमिन के दिलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता उलट रक्त पातळ व्हावं म्हणून रोज संध्याकाळी पोटात इंजेक्शन देतात आणि कालपासून गोळीही सुरू केली आहे. पोट काळंनिळं पडलंय. भाऊ म्हणतो, आधी घट्ट करायचं, मग पातळ करायचं, तेही दोन-दोन औषधांनी, हा काय प्रकार आहे? आणि ही गोळी म्हणे उंदीर मारायच्या औषधाच्या जातीची. काल त्याने सिस्टरना इंजेक्शन देऊच दिलं नाही. परवा डिस्चार्ज आहे. डॉक्टर राउंडला दोन मिनिटं थांबतात, काय आणि कसं विचारावं कळत नाही.’

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी मी दोन ओळी कळवल्या होत्या. भावाने इंजेक्शन नाकारलं हे लपवू नका, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगा, आणि राहिलेला डोस भरून काढायला आज दोन सुया घ्यायच्या नाहीत. आता सवडीने लिहिते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. तेहेतीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते, त्यातली शेवटची अकरा इन्चार्ज. डोस ठरवणं माझं काम नव्हतं. ठरलेला डोस ठरलेल्या माणसाला ठरलेल्या वेळी जातोय का, हे बघणं माझं काम. त्या बाजूने जे दिसलं तेच लिहिणार.

‘रक्त पातळ करायचं औषध’ असं आपण सगळेच म्हणतो, मीही जन्मभर म्हटलं, आणि निम्मा घोळ त्या शब्दानेच होतो. ताकात पाणी घातल्यासारखं रक्त पातळ होत नाही. दुधाला विरजण कमी लावलं तर दूध पातळ होतं का? लागायला उशीर होतो, एवढंच. या औषधांचं तसं आहे. रक्त होतं तेवढंच दाट राहतं, गुठळी धरायला वेळ लागतो. त्यामुळे ‘आधीच अशक्त झालेल्या माणसाचं रक्त आणखी पातळ कशाला’ ही भावाची शंका प्रेमापोटी असली तरी चुकीच्या जागी आहे. भीती वाटायचीच असेल तर ती रक्तस्रावाची वाटावी. ती भीती खरी आहे आणि तिच्याकडे मी येणारच आहे.

आधी घट्ट, मग पातळ का? बाबांना पडण्याआधीपासून ॲसिट्रॉम होती. तशा स्थितीत खुब्यावर सुरी लावली असती तर रक्त थांबवणं कठीण झालं असतं, आणि कमरेत भुलीची सुई घालणं तर धोक्याचंच. मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून व्हिटॅमिन के देऊन गोळीचा असर उतरवला आणि मग ऑपरेशन केलं. मोडलेला खुबा फार दिवस तसाच ठेवणंही बरं नाही, म्हणून ही घाई. ऑपरेशन झाल्यावर चित्र पालटतं. माणूस पडून, पायातलं रक्त संथ, शिरांना मार बसलेला, आणि जखम भरायची म्हणून शरीर गोठण्याची तयारी वाढवून बसलेलं. रक्त संथ होणं, शिरेला इजा आणि रक्ताची गोठण्याची ओढ, या तिन्ही गोष्टींचं नातं एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर फिरशो यांच्या नावाने सांगितलं जातं. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिन्ही एकाच खाटेवर असतात. पोटरीत धरलेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काल डबा खाऊन गप्पा मारत बसलेला माणूस आज संडासला उठल्यावर कोसळतो. हे मी पाहिलंय. त्या खाटेवर पोटातली सुई का दिली नव्हती, याचं उत्तर फाइलमध्ये कुठेच सापडलं नाही.

उंदराच्या औषधाचं बोलू, कारण भावाने ते कुठेतरी वाचलंय आणि गंमत म्हणजे ते खोटं नाही. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात गुरं कुजका गोड क्लोव्हर गवत खाऊन रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातला दोषी पदार्थ शोधून काढला. त्याच घराण्यातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ पासून माणसांना मिळू लागलं, आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ते घेत होते. ॲसिट्रॉम त्याचीच चुलत बहीण. भावाला सांगा, उंदराची मापून रक्ततपासणी कोणी करत नाही, बाबांची करतात. त्या तपासणीचं नाव आयएनआर. रक्त गोठायला किती उशीर होतो, ते ती आकड्यात सांगते. आकडा मोठा, तर उशीर जास्त. बाबांसारख्यांसाठी तो आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये ठेवतात.

मग दोन औषधं एकदम का? तुमच्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे. पोटातलं इंजेक्शन काही तासांत काम सुरू करतं आणि दिवसाभरात उतरतं. ॲसिट्रॉमला असर धरायला दोन-चार दिवस लागतात, कारण ती यकृतात नवे गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही, आधीचे संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यातून बाबांना व्हिटॅमिन के दिलेलं, म्हणजे आणखी थोडा उशीर. तोवर इंजेक्शन राखणदार. म्हणून दोन्ही एकदम चालू असणं ही चूक नाही. चूक होते ती पुढे. आयएनआर २ च्या वर जाऊन स्थिरावतो आणि तरी इंजेक्शन चालूच राहतं, कारण ते बंद करायचं कोणी लिहिलेलंच नसतं. (नव्या गोळ्या असतात, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान वगैरे. त्या काही तासांतच असर धरतात, त्यामुळे त्यांच्या जोडीला पोटातली सुई सहसा लागत नाही. त्या घरांत दोन्ही चालू दिसली तर लगेच विचारायचं.)

या औषधांचे जे अपघात मी पाहिले, त्यांत औषधाचा दोष थोडा आणि हात बदलण्याचा जास्त. घरून वॉर्डात, वॉर्डातून थिएटरमध्ये, थिएटरमधून आयसीयूत, दिवसपाळीतून रातपाळीत, आणि शेवटी डिस्चार्ज कार्ड घेऊन पुन्हा घरी. प्रत्येक उंबरठ्यावर एखादा डोस गळतो किंवा एखादा दुप्पट होतो.

माझीच गोष्ट सांगते. रातपाळी, दोन खाटांचे ताप चढलेले, एका पेशंटची हेपॅरिनची (पोटातल्या सुईच्याच घराण्यातलं औषध) बाटली संपलेली. कपाटातून दुसरी काढली. हेपॅरिनच्या बाटल्या पाच मिलीच्याच, पण एकीत एकूण ५००० युनिट असतात आणि दुसरीत २५०००. बाटली तेवढीच, बूच तेवढंच, डोळ्यावर झोप. मी सिरिंज भरली. शेजारी दुसऱ्या वर्षाची स्टुडंट उभी होती, भीत भीत म्हणाली, ‘सिस्टर, यावर पाच हजार पर एमएल लिहिलंय.’ मी हजार पर एमएलचा हिशोब धरून भरली होती. म्हणजे पाचपट. सिरिंज हातात होती, पेशंटपर्यंत गेली नव्हती. मी ती सिंकमध्ये रिकामी केली आणि मग पाच मिनिटं स्टुलावर बसून राहिले. त्या मुलीला सकाळी चहा पाजला, पण आभार मानायला दोन दिवस लागले. इन्चार्ज झाल्यावर पहिलं काम केलं ते दोन ताकदींच्या बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवण्याचं.

अशी चूक फक्त दमलेल्या सिस्टरांच्या हातून होते असंही नाही. २००७ मध्ये लॉस एंजेलिसला अभिनेते डेनिस क्वेड यांच्या नुकत्या जन्मलेल्या जुळ्यांना १० युनिटऐवजी १०,००० युनिट ताकदीचं हेपॅरिन गेलं. हजारपट. बाळं वाचली. आदल्याच वर्षी इंडियानापोलिसला अशाच गफलतीत तीन अर्भकं गेली होती. म्हणून आता बऱ्याच हॉस्पिटलांत या औषधांवर लाल ‘हाय अलर्ट’ची पट्टी असते आणि दोन सिस्टरांनी मोठ्याने वाचून दोन सह्या करायच्या असतात. तुमच्या खाटेपाशी कोणी नाव विचारून, मनगटावरचा पट्टा बघून, डोस मोठ्याने वाचला तर ‘रोज काय तेच विचारता’ म्हणू नका. आणि कोणी वाचलाच नाही, तर ‘सिस्टर, किती आहे हे?’ एवढं विचारायला लाजू नका. चांगल्या सिस्टरला राग येत नाही. वाईट सिस्टरला आला तर येऊ द्या.

आता पोटाचे डाग. बाबांचं इंजेक्शन बहुतेक ४० मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज असणार, टोपी काढून टोचायची. तिच्यात हवेचा छोटा बुडबुडा असतो. तो काढून टाकायचा नसतो, तो मुद्दाम ठेवलेला असतो. बेंबीपासून दोन-तीन बोटं दूर, चरबीची घडी चिमटीत धरून सुई सरळ आत, दांडा हळूहळू दाबायचा, सुई बाहेर आल्यावर चिमूट सोडायची. रोज बाजू बदलायची. आणि नंतर चोळायचं नाही! इथेच बहुतेकांचं फसतं. सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली की आई, मावशी, सूनबाई मायेने तो भाग चोळतात, कोणी गरम पाण्याची पिशवी ठेवतं. चोळलं की डाग पसरतो. रुपयाच्या नाण्याएवढे निळे डाग बऱ्याच जणांना पडतात, तेवढ्यावरून इंजेक्शन थांबवायचं नसतं. डाग वाढत चालला, आत टणक गोळा लागला, पोट ताणल्यासारखं दुखू लागलं, तर मात्र सिस्टरला बोलावून दाखवा, पेनाने डागाची कड आखून ठेवायला सांगा. तासाभरात डाग रेषेबाहेर गेला का, हे कोणालाही कळतं.

भावाची भीती खरी ठरेल अशाही वेळा असतात, त्याला त्या शिकवा, म्हणजे तो योग्य वेळी हात आडवा घालेल. शौचाला डांबरासारखी काळी होणं, लघवी लाल होणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त न थांबणं, जखमेची पट्टी सारखी भिजणं. कमरेतली भूल उतरल्यावर पुन्हा पाय जड वाटू लागणं किंवा लघवी अडणं, हे तर रात्री दोन वाजता असलं तरी ओरडून सांगायचं. रात्री संडासला जाताना बाबा घसरले, डोकं लागलं, खोक नाही, ‘काही झालं नाही’ म्हणाले, तरी सांगायचं. ही औषधं चालू असताना डोक्याचा मार बाहेरून दिसत नाही. आणि इंजेक्शन चालू असताना प्लेटलेट मोजले का, हे एकदा विचारा. हेपॅरिनच्या जातीत थोड्या लोकांच्या प्लेटलेट पाचव्या ते दहाव्या दिवसात झपाट्याने उतरतात. तेव्हा ते औषध डॉक्टर स्वतःच थांबवतात.

आणखी दोन गोष्टी विचाराच, कारण त्या विचारायचं राहून जातं. वजन आणि किडनी. खुबा मोडलेल्या माणसाला काट्यावर उभं करता येत नाही. मग कोणीतरी विचारतं, ‘आजोबांचं वजन किती?’ नातू म्हणतो, ‘असेल सत्तर.’ तो आकडा फाइलमध्ये जातो आणि कायमचा खरा होतो. प्रतिबंधाच्या ठरावीक डोसला हे फारसं नडत नाही, पण गुठळी झाल्यावर उपचाराचा डोस वजनाच्या हिशोबानेच देतात. तिथे पन्नास किलोच्या माणसाला सत्तरचा डोस जातो. तुम्हाला खरं वजन माहीत असेल तर सांगा, माहीत नसेल तर ‘अंदाज आहे’ हेही सांगा. आणि क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हे इंजेक्शन शरीरात साचतं, म्हणून डोस कमी करतात. ‘किडनीच्या रिपोर्टप्रमाणे डोस बघितलाय ना?’ एवढं एकच वाक्य पुरतं.

पिशवी! बाबांच्या उशाशी घरून आणलेली औषधांची पिशवी असेलच. तिच्यात ॲसिट्रॉमची पट्टी आहे का बघा आणि आजच घरी पाठवा. वॉर्डातून गोळी मिळते आणि सकाळी आई प्रेमाने ‘नेहमीची’ गोळीही देते, असं मी इतक्यांदा पाहिलंय की नव्या पेशंटची पिशवी मी पहिल्या दिवशी स्वतः उघडून बघायचे. तिच्यात दुखण्याची गोळीही असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांची आणि या औषधांची जोडी रक्तस्रावाला आमंत्रण देते. कोणी पोट बिघडलं म्हणून मेट्रोनिडाझोल देतं, त्याने तर ॲसिट्रॉमचा आयएनआर उड्या मारतो. दुखलं तर काय घ्यायचं, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. बहुतेक पॅरासिटामॉल सांगतील.

पाय सुजला तर तेल लावून चोळायचं नाही. आपल्याकडे हा मोह अनावर असतो, गावाकडून कोणीतरी खास मालिश करायला येतं. एकाच पोटरीला सूज आली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर आत गुठळी असू शकते. तिला चोळून हलवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आता डिस्चार्ज. परवा सकाळी गडबड असेल, बिल, गाडी, फाइल, सगळं एकदम. म्हणून उद्याच राउंडच्या आधी सिस्टरला सांगून ठेवा की रक्ताच्या औषधाबद्दल दोन प्रश्न आहेत. ती डॉक्टरांना खाटेपाशी थांबवेल. दहा प्रश्न आणलेत तर एकाचंही उत्तर नीट मिळणार नाही. दोनच विचारा. पहिला, इंजेक्शन कोणत्या तारखेला किंवा आयएनआर किती झाल्यावर बंद करायचं, आणि ते कोण ठरवणार? दुसरा, आयएनआर पुन्हा कधी काढायचा आणि आकडा कोणाला कळवायचा? दोन्ही उत्तरं कार्डावर शाईने लिहून घ्या. ‘बघू’ हे उत्तर नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर गुठळीपासून संरक्षण साधारण महिनाभर, ३५ दिवसांपर्यंत देतात. बाबांची गोळी पुढेही चालू राहणार म्हणून त्यांचं इंजेक्शन बहुतेक लवकर सुटेल, पण ‘बहुतेक’वर घर चालवू नका.

कार्डावर गोळीची ताकद अक्षरात लिहून घ्या. ॲसिट्रॉम १, २, ३, ४ अशा मिलिग्रॅममध्ये येते. मेडिकलवाल्याकडे दोनची संपली म्हणून त्याने चारची पट्टी दिली आणि ‘अर्धी घ्या’ म्हणाला, तर तुमच्या आईला अर्धी लक्षात राहणार आहे का? कधी तिखट भाजी, कधी गोड, तसं गोळीचं करू नका. एकच ताकद, एकच वेळ, संध्याकाळी सहा धरा. मेथी-पालक बंद करा असं कोणी सांगेल. बंद नको, एकदम वाढवूही नका, आठवड्याला जेवढं खातात तेवढंच खाऊ द्या. लसणाच्या कॅप्सूल, गुडघ्याचे काढे मात्र विचारल्याशिवाय नको. आणि कराडला ताप आला म्हणून नेहमीच्या डॉक्टरांनी कमरेत सुई मारायची तयारी केली, तर आधी कार्ड पुढे करा. स्नायूतल्या सुईने आत रक्त साचतं.

‘बाबांना नवी गोळी चालणार नाही का, रक्त तपासायची कटकट नाही म्हणे’ हेही कोणी तरी विचारेलच. चालेल की नाही हे हृदयाच्या झडपेवर अवलंबून आहे. धातूची झडप बसवलेली असेल किंवा लहानपणच्या संधिवाताच्या तापाने डाव्या बाजूची झडप आकसली असेल, तर जुनीच गोळी. संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला, त्यात जुन्या गोळीवरच्यांचे मृत्यू कमी होते. बाबांची झडप ठीक असेल तर हा प्रश्न पुढच्या भेटीला, स्थिरस्थावर झाल्यावर विचारा. आज नको.

भावाशी भांडू नका. त्याला एक वही आणून द्या, शंभर पानी, आणि इंजेक्शनची तारीख, वेळ, बाजू डावी की उजवी, आयएनआरचा आकडा, हे लिहायचं काम त्याच्याकडे द्या. ज्याला काळजी जास्त तोच ही वही नीट लिहितो, हे वॉर्डात बघून बघून ठरलेलं मत आहे. पुढच्या वेळी त्याला इंजेक्शन थांबवावंसं वाटलं, तर थांबवायच्या आधी डॉक्टरांना बोलवा म्हणायचा हक्क त्याला आहेच. सिस्टरला परत पाठवायचं आणि कोणालाच काही सांगायचं नाही, तेवढं नको.

बाबांच्या पोटावरचे डाग निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे होत दोन-तीन आठवड्यांत जातील. तोवर आईला सांगा, तिथे तेल लावायचं नाही.